मराठी माध्यमातून अर्थशास्त्राच्या एम.ए.कडे: प्रवेशाच्या आधीपासून प्रबंधापर्यंत

माझी बी.ए. तालुक्याच्या कॉलेजात झाली, पूर्ण मराठीतून. एम.ए.ला शहरात आले आणि पहिल्या अंतर्गत चाचणीत ३० पैकी ७ गुण पडले. घरी फोनवर सांगितलं, "इंग्रजी जड जातंय." सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. दिवाळीच्या सुट्टीत तीच उत्तरपत्रिका पुन्हा उघडून बसले तेव्हा कळलं की प्रश्न मला समजले होते, गाडी अडली होती ती गणितापाशी. उपभोक्त्याचा सिद्धांत बी.ए.ला चांगला झालेला होता, पण तिथे तो आकृतीतून शिकवला होता आणि इथे डेरिव्हेटिव्ह घेऊन, म्हणजे एक गोष्ट जराशी बदलली की दुसरी किती बदलते ते गणिताने काढून. विषय तोच, त्याची भाषा बदलली होती, आणि हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आता मी एम.ए.च्या वर्गाला शिकवते आणि दर ऑगस्टमध्ये तोच चेहरा दिसतो. हुशार पोरं "मला झेपणार नाही" म्हणून सोडून जातात, तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी: कॉलेजचं नाव नंतर, अभ्यासक्रम आधी

विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून एम.ए.च्या पहिल्या दोन सत्रांचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. दोन गोष्टी बघा: गणिती अर्थशास्त्र सक्तीचं आहे का, आणि इकोनोमेट्रिक्स, म्हणजे आपली अर्थमिती (खऱ्या आकडेवारीवर सिद्धांत तपासण्याचं शास्त्र), किती पेपरांत आहे. या दोन विषयांना जिथे भक्कम जागा आहे तिथली पदवी पुढे संशोधनाला, रिझर्व्ह बँकेला, धोरणाच्या कामाला उपयोगी पडते. जिथे ते ऐच्छिक आहेत तिथे अभ्यास हलका जाईल, पण पुढची धाव स्वतःच्या बळावर घ्यावी लागेल. पदवीवर एम.ए. लिहिलंय की एम.एस्सी., याने फारसा फरक पडत नाही.

जवळच्या जागा सांगायच्या तर पुण्यात १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहे, जिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ होते. मुंबईत कलिना संकुलात मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आहे. तो १९२१ पासूनचा, आणि आता त्याचं नाव मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी असं आहे. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. वर्ग लहान, गणित कडक. गोव्यात ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथल्या विद्यापीठांत स्वतंत्र विभाग आहेत. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जेएनयू, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचा कोलकाता व दिल्लीतला अभ्यासक्रम.

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची पदवी असेल तर एम.ए. दोन वर्षांचं, आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एका वर्षाचं. तुमच्या पदवीवर कोणतं लागू होतं हे अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन विचारा, फोनवर अर्धवट उत्तरं मिळतात.

बी.कॉम., बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांनाही बऱ्याच ठिकाणी दार उघडं असतं. अट बहुधा बारावीच्या गणिताची असते. बारावीला गणित नसेल तर भारतीय सांख्यिकी संस्थेसारख्या काही जागा हातच्या जातात. बाकी रस्ते मोकळे राहतात.

दुसरी पायरी: परीक्षा आणि कागदपत्रं

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी ही एकच परीक्षा आहे. अर्थशास्त्राच्या पेपरात ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. ती साधारण मार्चमध्ये होते, म्हणजे अर्ज हिवाळ्यातच भरावा लागतो, आणि इथेच आपली मुलं चुकतात. बी.ए.चा निकाल लागल्यावर जूनमध्ये चौकशीला येतात तेव्हा दिल्लीचं दार त्या वर्षापुरतं बंद झालेलं असतं. भारतीय सांख्यिकी संस्थेची परीक्षा मे महिन्यात असते आणि तिच्या जुन्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. तिथे जायचं नसलं तरी त्या सोडवा. गणिती अर्थशास्त्राचा त्याहून चांगला सराव मला माहीत नाही. आयआयटीच्या जॅम परीक्षेतही २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. राज्यातल्या संस्थांचे नियम मात्र वर्षागणिक बदलतात. त्या त्या संस्थेची सूचनाच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता नको.

पैशांचं आधी बोलून घेऊ, कारण त्यापायी प्रवेश सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि रहिवासी दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, तलाठी आणि सेतूच्या फेऱ्या जुलैत झेपत नाहीत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता एकाच ठिकाणी दिसतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. यात मागितल्यासारखं काही नाही, हक्काचं आहे. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये त्यांनी तिथे एम.ए. केलं. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्रच होता.

तिसरी पायरी: उन्हाळ्याचे दहा आठवडे

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. शेवटचा पेपर संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंत साधारण १० आठवडे मिळतात. रोज दोन तास गणित. त्यात चार गोष्टी यायला हव्यात: डेरिव्हेटिव्ह, अनेक चलांचं फल आणि त्याचे आंशिक डेरिव्हेटिव्ह, बंधनाखाली महत्तम मूल्य काढण्याची लाग्रांज पद्धत, आणि मॅट्रिक्स. त्याच्या जोडीला संभाव्यता: सरासरी, प्रचरण, नॉर्मल वितरण. अकरावी-बारावीची राज्य मंडळाची गणिताची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, तिथून सुरुवात करा. मग चँग आणि वेनराइट यांचं गणिती अर्थशास्त्राचं पुस्तक घ्या. जाडजूड आहे, पण स्वतःच्या स्वतः शिकता येईल असं लिहिलंय.

लाग्रांजचा बाऊ वाटतो, म्हणून तो इथेच करून दाखवते. वही घ्या.

खिशात २०० रुपये आहेत. वडापाव २० रुपयांना, चहा १० रुपयांना. क्ष वडापाव आणि य चहा घेतले तर मिळणारं समाधान क्ष गुणिले य एवढं आहे असं धरा. बी.ए.ला आपण शिकलो की खर्च असा वाटायचा की शेवटच्या रुपयाला मिळणारी सीमांत उपयोगिता दोन्हीकडे सारखी येईल. आता क्षच्या दृष्टीने डेरिव्हेटिव्ह घ्या, उत्तर य. ती वडापावची सीमांत उपयोगिता. यच्या दृष्टीने घ्या, उत्तर क्ष. ती चहाची. म्हणजे य भागिले २० बरोबर क्ष भागिले १०, अर्थात य हा क्षच्या दुप्पट. २० क्ष अधिक १० य बरोबर २०० यात तो घातला की ४० क्ष बरोबर २००. पाच वडापाव, दहा चहा, समाधान ५०.

लाग्रांज पद्धतीत हेच उत्तर येतं, पण सोबत आणखी एक आकडा हाती लागतो. त्याला लॅम्डा म्हणतात. इथे तो वडापावची सीमांत उपयोगिता भागिले त्याची किंमत, १० भागिले २०, म्हणजे अर्धा. बहुतेक मुलं तो काढतात आणि पुढे जातात. थांबा आणि विचारा, हा अर्धा कशाचा? खिशात एक रुपया जास्त घाला. २०१ रुपयांचे निम्मे वडापाववर गेले, निम्मे चहावर: ५.०२५ वडापाव, १०.०५ चहा. गुणाकार करा, जवळजवळ ५०.५ येईल. समाधान जवळजवळ अर्ध्याने वाढलं. लॅम्डा म्हणजे आणखी एका रुपयाचं मोल. बंधन जरासं सैल केलं तर किती फायदा, हे तो सांगतो. पुढे हाच लॅम्डा छाया किंमत म्हणून भेटेल: धरणातल्या पाण्याची, कारखान्यातल्या यंत्राच्या तासाची, सरकारच्या तिजोरीतल्या रुपयाची. ज्याला वडापावमध्ये तो दिसला त्याला तिथेही दिसतो.

प्रत्येक गणिती पायरीला असा एक मराठी वाक्याचा अर्थ लावायचा, ही सवय उन्हाळ्यातच लावून घ्या. अर्थ लागला नाही तर पान उलटायचं नाही.

चौथी पायरी: दोन भाषांची वही

राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत एम.ए.ची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. तुम्ही कशातही लिहा, वाचन मात्र इंग्रजीत करावंच लागेल. त्यासाठी एक वही करा: डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा, उजव्या पानावर मराठी संज्ञा आणि स्वतःचं एक उदाहरण. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघते. शेतीचं किंवा रोजगाराचं एकच प्रकरण दोन्ही आवृत्त्यांत शेजारी ठेवून वाचा. महिनाभरात शे-दीडशे संज्ञा अंगवळणी पडतात, आणि तेही तुमच्या राज्याच्या आकड्यांसकट. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' हे नियतकालिकही विभागाच्या ग्रंथालयात असतं, ते चाळत राहा.

बोलण्यातले शब्द आणि शास्त्रातले शब्द कधी कधी वेगळं सांगतात, तिथे सावध राहा. आपण शेअर घेतले की गुंतवणूक केली म्हणतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ती गुंतवणूक नव्हे, तिथे नवी यंत्रं, नवी घरं, वाढलेला साठा मोजतात.

पण उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे, आणि ती गावाकडून आलेल्या प्रत्येकाने ऐकावी. आपल्या भाषेत अर्थशास्त्र आधीच भरलेलं आहे. खंड, अर्धेली, बटई, अडत, पत, उचल हे शब्द तुम्ही घरात ऐकलेत. एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात कधीतरी कुळाच्या कराराचं मॉडेल येतं. शहरातल्या मुलांना ते आकृतीतून कळतं, तुम्हाला चुलत्याच्या शेतावरून कळेल. जमीन खंडाने घेतली तर ठरलेली रक्कम द्यायची, वरचं सगळं पीक आपलं. अर्धेलीने घेतली तर राबणं आपलं आणि निम्मं पीक मालकाचं. मग अर्धेलीवाला शेवटची कोळपणी का करेल? इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांची शंका हीच होती: वाट्याच्या कसणुकीत मेहनत कमी पडते. पण तसं असेल तर ही पद्धत इतकी टिकली कशी? १९७४ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी मांडलं की वाटा हा जोखमीचाही असतो. पाऊस गेला तर खंडाची रक्कम कमी होत नाही. अर्धेलीत मात्र मालकाचंही निम्मं जातं. मेहनतीची ओढ आणि जोखमीची वाटणी यांतली तडजोड म्हणजे तो करार. आता तुम्ही विचारा: आमच्याकडे बी-खताचा खर्चही निम्मा-निम्मा करतात, त्याने या मॉडेलमध्ये काय बदलतं? हा प्रश्न वर्गात विचाराच. मराठीत विचारा. माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीने तो विचारला त्या दिवशी आम्ही पुढचं शिकवायचं सोडून तासभर त्यावरच बोललो होतो.

पाचवी पायरी: पहिलं सत्र

मायक्रोला, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्राला, हॅल व्हॅरियन यांचं मध्यम पातळीचं पुस्तक पहिल्या महिन्यात संपवा, वर्गात काहीही सुरू असो. थेट वरच्या पातळीच्या ग्रंथाला हात घालून हिरमुसलेली मुलं पाहिली आहेत. मॅक्रोला, म्हणजे स्थूल अर्थशास्त्राला, एखादं प्रमाण पुस्तक आणि जोडीला रिझर्व्ह बँकेचं पतधोरणाचं निवेदन. ते दर दोन महिन्यांनी येतं, रेपो दर का बदलला किंवा का बदलला नाही ते त्यात दिलेलं असतं. वाचून झाल्यावर ते स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहा.

तयार नोट्सच्या झेरॉक्सवर बी.ए. निघते, एम.ए.चे सैद्धांतिक पेपर निघत नाहीत. गणितं हाताने सोडवावी लागतात. तिघा-चौघांचा गट करा, गटात एक तरी गणितवाला घ्या. नियम एकच: आधी प्रत्येकाने एकट्याने तासभर झगडायचं, मग एकत्र बसायचं. मेसमध्ये जेवताना एकमेकांना तोंडी समजावून सांगा. समजावताना जिथे अडखळता तिथे तुम्हाला कळलेलं नसतं.

एखादा पेपर राहिला तर एटीकेटी आहे. पहिल्या सत्रात पेपर राहिला म्हणून कोणाचं अर्थशास्त्र संपलेलं मी पाहिलेलं नाही.

नोकरी करून इग्नूसारख्या ठिकाणी दूरस्थ एम.ए. करणाऱ्यांना हा गट मिळत नाही, ही त्या मार्गातली खरी अडचण. स्वयम या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरचे अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम मोफत आहेत, पण चूक दाखवणारं माणूस हवंच. गावातला गणिताचा शिक्षकही चालेल.

सहावी पायरी: आकडेवारीत हात घाला

अर्थमिती पुस्तकातून अर्धीच कळते. दामोदर गुजराती किंवा जेफ्री वूल्ड्रिज यांचं पुस्तक वाचताना शेजारी लॅपटॉपवर खरी आकडेवारी उघडी ठेवा. सॉफ्टवेअरसाठी पैसे नसतील तर आर आणि पायथन मोफत आहेत. लॅपटॉप नसेल तर विभागाची संगणक खोली सकाळी रिकामी असते.

पहिला सराव केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणावर करा. २०१७-१८ पासून ते होतं आणि त्याची व्यक्तिगणिक आकडेवारी नोंदणी करून मोफत उतरवता येते. पहिल्यांदा फाइल उघडाल तेव्हा घाबरू नका. एकापुढे एक चिकटलेले आकडे, ओळीमागून ओळ, मध्ये मोकळी जागाही नाही. सोबतच्या तक्त्यात लिहिलेलं असतं की कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत वय आहे, कुठे शिक्षण आहे, कुठे कामाचा कोड. त्याप्रमाणे ओळ तोडायची. मग एक ओळ म्हणजे एक माणूस होतो.

कामाचे कोड नीट वाचा. ३१ म्हणजे नियमित पगारी, ५१ म्हणजे रोजंदारी, ८१ म्हणजे काम शोधणारा. आता ९२ आणि ९३ पाहा. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम, आणि जोडीला घरच्यासाठी सरपण, चारा, रानभाजी गोळा करणं, शिवणकाम, विणकाम. दोन्ही कोड श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात. महाराष्ट्राच्या ग्रामीण स्त्रिया वेगळ्या काढा आणि या दोन कोडांत किती जणी आहेत ते मोजा. स्त्रियांचा श्रमसहभाग कमी आहे हे वाक्य वर्तमानपत्रात वाचणं आणि पहाटे मोळी आणणारी बाई कोणत्या कोडात पडते हे स्वतः पाहणं, यात एम.ए.चं अर्धं शिक्षण आहे.

नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे भार न लावता टक्केवारी काढणं. नमुन्यातली प्रत्येक व्यक्ती लोकसंख्येतल्या वेगवेगळ्या संख्येच्या लोकांची प्रतिनिधी असते. तो भार फाइलमध्येच दिलेला असतो. तुमचा आकडा सरकारी अहवालातल्या आकड्याशी जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

सातवी पायरी: प्रबंध

'महाराष्ट्रातील शेतीच्या समस्या' हा विषय घेऊ नका. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर चुकू शकेल. उदाहरणार्थ: केंद्राने ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी लावली आणि ४ मे २०२४ ला उठवली, त्यामुळे लासलगावचा भाव किती पडला? बाजार समित्यांचे रोजचे भाव आणि आवक केंद्राच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावर आहेत. पण बंदीआधीच्या आठवड्याशी नंतरच्या आठवड्याची वजाबाकी करून भागणार नाही, कारण डिसेंबरात खरिपाच्या कांद्याची आवक वाढते आणि भाव एरवीही उतरतो. मग आधीच्या चार-पाच वर्षांचे तेच आठवडे घ्यायचे, आवक वेगळी मोजायची, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये लावलेल्या ४० टक्के निर्यात शुल्काचा परिणामही वेगळा काढायचा. दोन वर्षांत शिकलेलं सगळं इथे वापरावं लागतं.

विषयाचं एक पान तिसरं सत्र सुरू होतानाच गाइडला द्या. मग दर पंधरा दिवसांनी काहीतरी लिहिलेलं घेऊन जा, तोंडी प्रगती सांगायला जाऊ नका. जुने अहवाल लागले तर गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने स्कॅन केलेला मोठा संग्रह संकेतस्थळावर ठेवला आहे, घरबसल्या वाचता येतो. व्हायवात हमखास विचारतात तो प्रश्न म्हणजे, "हे उत्तर चुकीचं असू शकेल अशी एक शक्यता सांगा." ती तयार ठेवा.

नोकरी आणि पुढच्या परीक्षा

प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट. नेट वर्षातून दोनदा होते: १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असतानाही बसता येतं, तेव्हा पहिला प्रयत्न तिथेच करा. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०.

भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससी घेते. वय २१ ते ३०, अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवी, लेखी १,००० गुणांची आणि मुलाखत २०० ची. उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात, म्हणून तिकडे जायचं मनात असेल तर दुसऱ्या सत्रापासून आठवड्याला एक उत्तर इंग्रजीत लिहून कोणाकडून तरी तपासून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकारी पदासाठीही एम.ए.ला ५५ टक्के लागतात. अंतिम गुणपत्रिका यायला उशीर होतो आणि अर्जाची तारीख निघून जाते, तेव्हा निकाल लागताच विद्यापीठातून तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि सर्व सत्रांच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा.